शालिकच्या बांधीतली वाकडी ओळ

शालिक गेल्याची खबर ऐकून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'बरं झालं'. मी हे लपवत नाही. चार जणांनी ते ऐकलं आहे आणि गावभर सांगूनही झालं आहे. आश्विनातली दुपार होती. माझ्या अंगणात मंडई कमिटीची बैठक बसली होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात, नाटक होते. त्या कमिटीचा मी अध्यक्ष. यंदा कोणती नाटक कंपनी आणायची यावर वाद पेटला होता. तेवढ्यात शालिकची बायको पारबताबाई फाटकातून आत आली. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. कोणाला पाठवलं नाही, फोन केला नाही, स्वतः चालत आली. म्हणाली, "भाऊजी, तुमचे दोस्त गेले. बांधीवर चक्कर मारून आले, पोटभर जेवले, बाजेवर आडवे झाले. मी पाणी घेऊन गेली तं..." आणि मी म्हणालो, "बरं झालं." कमिटीवाले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. पारबताबाईनं मात्र मान हलवली. "हो भाऊजी," ती म्हणाली, "जेवून गेले."

बरं झालं म्हणजे काय झालं, ते सांगायला हा कागद घेतला आहे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ पेपरवाल्यांनी पाहून घ्यावं, मजकुराला हात लावू नये. आणि लिहायची पाळी का आली, तर एका बॅनरमुळे. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्या माणसाला आदरांजली वाहायच्या दिवशी विहारासमोर शालिकचा हा एवढा मोठा बॅनर लागला होता. वर फोटो, कोट घातलेला. खाली पदं. माजी अध्यक्ष पाणी वापर संस्था, माजी अध्यक्ष शाळा समिती, माजी सचिव विहार बांधकाम, तंटामुक्तीचा माजी अमुक, मंडईचा माजी तमुक... एकेक जण माईकवर येऊन तीच यादी वाचून खाली बसत होता. मी ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. अरे, या माणसानं पाच वर्षांपूर्वी हे सगळं ओझं स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलं होतं. तो मेला तर तुम्ही ते परत त्याच्या डोक्यावर ठेवून राहिले? शेवटी मी उठलो. माईक घेतला. म्हणालो, "शालिक रोवणी चांगली करे." आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं म्हाताऱ्याला बोलायला सुचलं नाही. सुचलं होतं. पण माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, लांब होतं.

ज्यांनी धान फक्त ताटात पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धानाचे पऱ्हे, म्हणजे लहान रोपं, आधी एका कोपऱ्यात टाकतात. हातभर वाढले की उपटून जुड्या बांधतात आणि चिखल केलेल्या बांधीत एकेक काडी रोवतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातलेला शेताचा तुकडा. चिखल करणं पुरुषाचं काम, रोवणं बाईचं. कोणी कायदा केलेला नाही, पण पुरुष रोवणीच्या ओळीत उभा राहत नाही. तो जुड्या फेकेल, धुऱ्यावर उभा राहून "हात चालवा वो" म्हणून ओरडेल, पण बायांसोबत कंबरेत वाकणार नाही. माझ्या आजाच्या वेळी असंच होतं आणि माझ्याही वेळी असंच होतं.

शालिकची माय रोवणीच्या मजुरीला जायची आणि बाप नसल्यामुळे त्याला सोबत न्यायची. आठ-नऊ वर्षांचा असताना तो मायच्या बाजूला ओळ धरायचा. त्याचा हात असा चाले की मोठ्या बाया थांबून पाहत. तीन बोटांत काडी, एक दाब, काडी उभी. वाकडी नाही, तिरपी नाही. चोरखमाऱ्याच्या तलावावरून येणाऱ्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी आमच्या गावाला आहे, त्यामुळे रोवणी मोठी, मजुरीही भरपूर. बारा वर्षांचा होईपर्यंत तो जात राहिला. मग एक दिवस शाळेच्या वाटेवर पोरांनी त्याला गाठलं, त्याच्या चिखलानं पिवळ्या पडलेल्या नखांकडे बोट दाखवलं आणि एकानं म्हटलं, "बायक्या." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून शालिक रोवणीला गेला नाही. त्या पोरांमध्ये मी होतो. तो एक पोरगा मीच होतो, हे मी साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

पुढं शालिक मोठा झाला तो 'हो' म्हणत म्हणत. कोणी काही मागितलं आणि तो नाही म्हणाला, असं मी पाहिलं नाही. नहराचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही, बोलवा शालिकला. मास्तर येत नाही, बोलवा शालिकला. दोन भाऊ धुऱ्यावरून कुऱ्हाडी काढून उभे आहेत, बोलवा शालिकला. तो चांगलं करायचा, हेही खरं आहे, मी खोटं लिहिणार नाही. पण त्याच्या घरी ताट झाकलेलं असायचं. मी कधीही गेलो तरी चुलीजवळ एका ताटावर दुसरं ताट पालथं. पारबताबाई म्हणायची, "भाऊजी, तुमच्या दोस्तानं लग्न झाल्यापासून गरम भात खाल्ला का नाही, त्याइलेच इचारा." शालिक हसून म्हणायचा, "आता हे एवढं निपटलं का मग बसतो घरी." एक निपटायचं की दुसरं यायचं. मीही त्याला त्याबद्दल मानत होतो. माझं स्वतःचं मंडईचं अध्यक्षपद त्याच्याच भरवशावर चालत होतं. नाव माझं, धावपळ त्याची.

पाच वर्षांपूर्वीच्या आषाढात त्याचं काय झालं, ते त्यानंच मला त्या संध्याकाळी सांगितलं. तिरोड्याला कसली तरी मीटिंग होती. घाईत निघाला होता, पांढरा पायजमा, बगलेत फाइल. वाटेत त्याचीच बांधी. त्या साली रोवणीला बाया मिळत नव्हत्या आणि पारबताबाई दोघींना घेऊन कशीबशी ओढत होती. शालिक म्हणाला, पाच मिनिटं हात लावून जातो. फाइल धुऱ्यावर ठेवली, फोन फाइलवर, पायजमा गुडघ्यावर आणि उतरला चिखलात. काडी हातात आली आणि बोटांना सगळं आठवलं... मान वर केली तेव्हा बांधी भरली होती. फोनवर सतरा मिस कॉल होते. मीटिंग होऊन लोक घरीही गेले होते. मी म्हणालो, "मंग काय सांगतलं त्याइले?" तो म्हणाला, "काही नाही. घरी गेलो अन् जेवलो. फाग्या, मले भूक लागली होती गा. किती वर्षांनी लागली, आठवत नाही. आपण जेवतो ते वेळ झाली म्हणून. आज भूक लागली म्हणून जेवलो."

मला ते ऐकून काही वाटलं नाही. भूक तर कुत्र्यालाही लागते. पण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत शालिक उठला आणि म्हणाला, "माझ्याकडचे सगळे पदं वापस घ्या. आजपासून मी कोणत्याच कमिटीत नाही." मग मागून कोणीतरी विचारलं, "शालिकभाऊ, कोणत्या पार्टीत चालले?" दुसरा म्हणाला, "जिल्हा परिषदेचं तिकीट पक्कं दिसते." सगळे हसले, शालिकही हसला. मी हसलो नाही. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, सगळ्यांसमोर मला उघड्यावर टाकून दिलं, असं मला वाटलं. मी मनात म्हणालो, आता पाहा मजा, याच्याशिवाय नहराचं पाणी कसं येते ते. वाट पाहत राहिलो. पाणी आलं. शाळा भरली. भाऊ-भाऊ भांडले आणि आपोआप थकले. काहीच बिघडलं नाही आणि त्याचा मला आणखी राग आला.

पुढच्या आषाढात शालिक रोवणीच्या ओळीत उभा राहिला. एक दिवस नाही, रोज. स्वतःची बांधी झाली तर बदल्यात दुसऱ्यांच्या बांधीत, बायांच्या मधात, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. गावानं तोंडात बोटं घातली. बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर दहा-बारा माणसं होती, मी होतो आणि शालिक समोरून आला, पिंडऱ्यांपर्यंत चिखल. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "काऊन शालिक, लुगडं आणून देऊ का?" तो थांबलाही नाही. चालता चालता म्हणाला, "आन ना जी. नऊवारीच आनजो, चिखलात सोयीचं राह्यते." ठेल्यावर हसण्याचा असा स्फोट झाला की पानवाल्याच्या हातचा चुना सांडला. हसणं त्याच्यावर नव्हतं, माझ्यावर होतं. माझं रक्त तापलं. मी ओरडलो, "शालिक, आजपासून तुह्या धुऱ्यावर पाय ठेवन तर बापाचं नाव सांगणार नाही!" तो तेव्हा थांबला. वळून पाहिलं. आणि गेला.

आता यातली गंमत अशी की माझ्या शेताची वाट शालिकच्या धुऱ्यावरून जाते. दुसरी वाट नहराकडून, लांबून वळसा घालून. पण शपथ म्हणजे शपथ. चार वर्षं मी त्या वळशानं गेलो. गुडघे दुखायचे, पावसाळ्यात घसरायला व्हायचं, पण मी धुऱ्याकडे पाय वळवला नाही. नहराच्या उंचवट्यावरून शालिकची बांधी पूर्ण दिसायची. मी पाहत नव्हतो असं म्हणणार नाही. बाया त्याची थट्टा करायच्या, "अध्यक्षसाहेब, ओळ वाकडी झाली, मीटिंग घ्या लागते!" आणि तो हात जोडून पुन्हा काडी उपटून लावायचा. पारबताबाई आणि तो धुऱ्यावर बसून जेवायचे. भात, कांदा, सुक्या मासोळीची चटणी, एकाच डब्यातून. मी वरून पाहायचो आणि घरी येऊन माझ्या अंगणात बसलेल्या कमिटीवर चिडायचो. तेव्हा मला वाटायचं, मला शालिकचा राग आहे. आता वाटते, मला भूक लागली होती. पण हे आताचं आहे. तेव्हा मी कबूल केलं नसतं.

यंदाच्या आषाढात, तीन दिवसांच्या झडीनंतर, नहराच्या वाटेवर माझा पाय सटकला आणि मी बसलो तो बसलोच. मोडलं काही नाही, पण उठता येईना. बांधीतून बायांनी पाहिलं. शालिकनं पाहिलं. तो ओळीतून बाहेर आला नाही, धावतही आला नाही. तिथूनच हाताचा भोंगा करून ओरडला, "फाग्या! शपथ धुऱ्याची खाल्ली ना गा? बांधीची नाही खाल्ली! धुरा ओलांड अन् चिखलातून ये!" चार वर्षांनंतरचा हा पहिला शब्द. मग मी विचार केला, बरोबर आहे. मी धुऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणालो होतो. ओलांडणार नाही असं म्हणालो नव्हतो. शपथही राहते आणि वाटही मिळते. हातावर जोर देऊन मी कसाबसा उठलो, हळूहळू उतरलो. धुऱ्याजवळ आलो, एक पाय उचलून पलीकडे टाकला, दुसरा उचलला... आणि पाठीवर चिखलात आडवा झालो. बाया जुड्या टाकून हसल्या. पारबताबाई पदर तोंडात घालून हसली. शालिक आला, मला हात दिला आणि म्हणाला, "शपथ मोडली नाही. मी साक्षी आहे."

मग त्यानं माझ्या हातात एक जुडी दिली. मी म्हणालो, "हे काऊन?" म्हणाला, "चिखल तं लागलाच आहे." मी सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मात काडी रोवली नव्हती. मागं सरकत रोवायचं असते हेही मला धुऱ्यावरूनच माहीत. त्याच्या बाजूला उभा राहिलो. त्याची ओळ दोरीसारखी आणि माझी सापासारखी. बाजूला तो आहे म्हणून मला बोलता आलं. मी विचारलं, "खरं सांग, काऊन सोडलं सगळं?" त्याचा हात चालूच होता. म्हणाला, "काही मोठं नाही गा. हातात जुडी असली का फोन उचलता येत नाही. मले ते आवडलं." पाण्यात बोटांचा आवाज येत होता. मग मी म्हणालो, "शालिक, शाळेच्या वाटेवर... बायक्या म्हणणारा मी होतो." तो म्हणाला, "माहीत आहे. तुहाच आवाज होता." मी म्हणालो, "मंग साठ वर्षं काही बोलला काऊन नाही?" त्यानं माझ्या ओळीतली एक काडी उपटली, सरळ लावली आणि म्हणाला, "तू सांगशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो. ओळ पाहा तुही, कुठं चालली. चोरखमाऱ्याले पोचन."

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत धुऱ्याजवळ जेवलो. धुऱ्यावर नाही, धुऱ्याला टेकून, बांधीतल्या बाजूला, शपथेमुळे. पुढचे तीन महिने मी त्या वाटेनं रोज गेलो, रोज धुरा ओलांडून. माझा पाय उचलला जाईपर्यंत शालिक बघत बसायचा आणि म्हणायचा, "संभाळून, बापाचं नाव आहे." तीन महिने म्हणजे फार नाही. पण मी आयुष्यात जेवढ्या बैठका केल्या त्यांच्यातलं एक वाक्य मला आठवत नाही आणि या तीन महिन्यांतलं एकही विसरलो नाही. म्हणून तो गेल्याचं ऐकलं तेव्हा छातीतून जे निघालं ते रडू नव्हतं. सगळं बोलून झालं होतं. तो आपल्या बांधीवरून आला होता, भुकेनं जेवला होता. आणि मी वळशाच्या वाटेवर नव्हतो. हेच जर मागच्या वर्षी झालं असतं तर... नको. झालं नाही. बरं झालं.

मागच्या आठवड्यात धान कापणीला आला. सकाळी माझ्या अंगणात दोन मोटारसायकली उभ्या राहिल्या. कमिटीवाले मला न्यायला आले होते, मंडपवाला आणि कंपनीवाला ग्रामपंचायतीत येऊन बसले होते. मी चपला घालत होतो तेवढ्यात पारबताबाई आली, हातात विळा. म्हणाली, "भाऊजी, आमची कापणी झाली. एक ओळ ठेवली हाये. बाया म्हणतात, हे कोनाची वाकडी, आम्ही नाही कापत. तुमची तुम्ही कापा." विळा माझ्या हातात दिला आणि निघून गेली. कमिटीवाला म्हणाला, "अध्यक्ष, बसा गाडीवर." मी म्हणालो, "मी येत नाही." "काऊन जी, तब्येत बरी नाही?" "तब्येत मस्त आहे." "मंग?" मी म्हणालो, "माझी ओळ कापाची राहिली आहे. अन् अध्यक्ष दुसरा पाहा. नाटक पाहाले येईन मी, समोर बसून." एकानं हळूच विचारलं, "फागूबाबा, कोणत्या पार्टीत चालले?" मी हसलो. पाच वर्षांपूर्वी याच गोष्टीला मला हसू आलं नव्हतं.

बांधी कोरडी झाली होती. कापलेल्या धानाच्या बुडख्यांच्या सरळ ओळी, एका ओळीला लागून दुसरी, त्यात शालिकनं रोवलेल्याही आल्या, आणि मधात एकटी उभी माझी, पिवळीधम्मक, मध्येच वळलेली. जिथं आम्ही हसलो असू तिथं जास्तच वळलेली. लोक म्हणतात, माणूस गेला म्हणजे शपथ सुटली, आता धुऱ्यावरून सरळ चालत जा. मी ऐकत नाही. धुऱ्याजवळ थांबलो, एक पाय उचलला, सांभाळून पलीकडे टाकला, मग दुसरा. पडलो नाही. ओळ कापायला वेळ लागला, कारण हात नवा आणि कंबर जुनी. शेवटची मूठ कापून पेंडी बांधली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पारबताबाई डबा उघडून बसली होती, त्याच जागी. तिनं विचारलं, "भाऊजी, जेवता का?" किती वाजले ते मी पाहिलं नाही. मला भूक लागली होती.